भाजीच्या नूडल्ससाठी कोणतं साधन घ्यावं?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे. घरात चार माणसं. यजमानांची साखर काठावर आली आहे, म्हणून डॉक्टरांनी भात आणि मैदा कमी करायला सांगितलं आहे. मुलीने झुकिनीच्या, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या परदेशी भाजीच्या, लांब तारा काढून केलेल्या नूडल्सचे व्हिडिओ दाखवले आणि तेव्हापासून घरात एकच चर्चा चालू आहे: हातात धरून फिरवायचं छोटं साधन घ्यावं, ओट्यावर ठेवून दांडा फिरवायचं मोठं घ्यावं, की सरळ विजेवर चालणारं? ओटा कडप्प्याचा आहे, उजव्या मनगटाला अधूनमधून कळ येते. शेवटी त्यांनी लिहिलं आहे, "एकदाच घेईन, पण माळ्यावर जाऊन पडणारं नको."

मी सोळा वर्षं सदाशिव पेठेत स्वयंपाकाचे वर्ग घेते, शिवाय सॅलडचे आणि पथ्याचे डबे देते. ताईंनी विचारलेली सगळी साधनं माझ्या ओट्यावर येऊन गेली आहेत. काही रोज वापरात आहेत, काही मी देऊन टाकली. वर्गाला येणाऱ्या बायकांकडे माळ्यावर गेलेल्या यंत्रांची चौकशी केली की बहुतेक वेळा गोष्ट एकच निघते: यंत्र घेतलं झुकिनी डोळ्यांपुढे ठेवून, आणि पिशवीतून घरी येत राहिले दुधी, काकडी, गाजर. म्हणून ताई, यंत्राचं नंतर बघू. आधी मला सांगा, तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा कोणती भाजी येणार आहे?

झुकिनीवर ही यंत्रं इतकी छान चालतात त्याला कारण आहे. ती सरळ असते, देठापासून टोकापर्यंत जाडी जवळजवळ सारखी, साल पातळ, बिया कोवळ्या आणि आतला गर घट्ट. यंत्रात भाजी फिरते आणि पातं जागेवर असतं. भाजीचा मधला कणा हलला नाही तरच सलग तार निघते. झुकिनीचा कणा हलत नाही. आपल्या भाज्यांचं तसं नसतं. मार्केट यार्डात परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर झुकिनी मिळते, मोठ्या दुकानांतही मिळते, पण दुधीच्या मानाने महाग पडते आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे रोज असेलच असं नाही. जी भाजी घ्यायला वाकडी वाट करावी लागते, ती महिन्याभराने बंद होते. तुमच्या घरात हे टिकायचं असेल तर ते दुधी, गाजर आणि काकडीवर टिकेल.

दुधी घेताना थोडा बारकावा लागतो. जाडजूड, पोट सुटलेला दुधी कोणत्याही यंत्रात घालू नका. त्याचा मधला भाग स्पंजासारखा असतो, यंत्राचे दात त्यात रुततात पण धरून ठेवत नाहीत. दोन फेऱ्यांनंतर दुधी जागच्या जागी गरगरतो आणि पात्याशी नुसता चोथा जमतो. मनगटाएवढा जाड, सरळ, फिकट हिरवा, लव असलेला आणि नख सहज रुतेल असा कोवळा दुधी घ्यायचा. त्याचा मानेकडचा भाग नूडल्सना, बियांचा भाग भाजीला किंवा थालीपिठाला. आणि चिरल्यावर एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायचाच. दुधी कडू लागला तर सगळा फेकून द्या, अर्धासुद्धा वापरू नका. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची द्रव्यं असतात, ती शिजवूनही जात नाहीत आणि त्यांनी जोराच्या उलट्या होऊन माणूस दवाखान्यात पोचू शकतो. नूडल्स आपण जेमतेम मिनिटभर परततो, मसालाही बेताचा असतो, पण त्यात लिंबू-तिखट पडल्यावर कडवटपणा झाकला जाऊ शकतो. म्हणून ही चव आधीच बघायची.

गाजराचा प्रश्न वेगळा. थंडीत येणारी लांब लाल गाजरं बारीक असतात. टेबलावरच्या यंत्रात मधोमध एक गोल नळी असते, ती भाजीचा पेन्सिलीएवढा गाभा कोरून बाजूला काढते. असं बारीक गाजर घातलं तर गाभा गेल्यावर हातात फारसं काही उरतच नाही. त्याला जाड, आखूड नारिंगी गाजर बरं. बीट, नवलकोल आणि रताळं टणक असल्यामुळे फार सुंदर तार देतात, पण जोर लागतो. काकडी चालते, मात्र बियांची जून काकडी नको. पडवळ आतून पोकळ आणि दोडका शिरांचा, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता साधनं. सगळ्यात आधी ज्याचं नाव ताईंच्या यादीतच नाही ते सांगते, कारण माझ्या हातात रोज तेच असतं: दातेरी पातं असलेलं सोलाणं. दुकानात ज्युलियन पीलर म्हणून मागा. दिसायला बटाट्याच्या सोलाण्यासारखं, फक्त पात्याला बारीक दात असतात. भाजीवरून ओढलं की सालीच्या पट्टीऐवजी सात-आठ बारीक तारा निघतात. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास चांगलं मिळतं. तारा गुंडाळीसारख्या न निघता सरळ निघतात, लांबी भाजीच्या लांबीएवढी. बारीक गाजर असो की वाकडी काकडी, याला सगळं चालतं, कारण इथे भाजी फिरत नाही, हात फिरतो. बियांपर्यंत आलं की थांबायचं, भाजी वळवून दुसरी बाजू घ्यायची. दुधीसाठी तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, बियांचा भाग आपोआप मागे राहतो.

हे धरायची एक पद्धत आहे, ती जमली की बोट कापत नाही. दुधीची फोड हवेत धरायची नाही. पोळपाटावर आडवी ठेवायची, देठाच्या बाजूने काटा-चमच्यातला काटा खोचायचा आणि डाव्या हाताने काटा धरायचा. उजव्या हाताने सोलाणं काट्यापासून सुरू करून दूर, आपल्या अंगापासून लांब ओढायचं. शेवटची दोन बोटं जाडीची फोड उरली की सोलाणं खाली ठेवायचं आणि ती फोड सुरीने चिरायची. माझ्या वर्गात झालेल्या जखमा जवळजवळ सगळ्या त्या शेवटच्या फोडीवर झाल्या आहेत. वाचवलेल्या तेवढ्या भाजीचे दोन रुपये होतात, बोटाला मात्र आठ दिवस पट्टी लागते.

दोन माणसांपुरतं करायचं असेल तर इथेच थांबा. चौघांचं रोजचं असेल तर मात्र सोलाण्याने वेळ जातो आणि मनगटालाही ओढ बसते, तेव्हा पुढचं बघू.

हातात धरून फिरवायचं, दोन्ही तोंडांना शंकू असलेलं, डमरूच्या आकाराचं साधन स्वस्त असतं आणि छान दिसतं, म्हणून त्याचा मोह पडतो. पेन्सिलीच्या टोकयंत्रासारखं ते चालतं. ताई, तुम्ही हे घेऊ नका. यात भाजी मनगट पिळून फिरवावी लागते, आणि तुमची कळ नेमकी तिथलीच आहे. मऊ काकडीला एक वेळ ठीक, पण गाजराला तीच हालचाल पन्नास-साठ वेळा होते. शिवाय तोंड ठरावीक मापाचं, त्यात बसेल अशीच भाजी लागते. शेवटी बोटभर तुकडा वाया जातो आणि शंकूच्या आतल्या कोपऱ्यात अडकलेला चोथा काढायला टूथब्रश लागतो. एकट्या राहणाऱ्या, हाताला त्रास नसलेल्या मुलामुलींना मी हे सुचवते, घरगुती स्वयंपाकाला नाही.

ओट्यावर ठेवून दांडा फिरवायचं यंत्र, ज्याला सगळे स्पायरलायझर म्हणतात, ते चौघांच्या घराला योग्य. त्यातही दोन तऱ्हा आहेत. आडव्या यंत्रात भाजी आडवी धरून एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने पुढे रेटायचं. उभ्या यंत्रात भाजी उभी राहते आणि वरून दाबत दांडा फिरवायचा. मी आडवंच सुचवते. त्यात जोर खांद्याकोपरातून येतो, मनगट सरळ राहतं. उभ्यात वरून दाब द्यायला अंगाचं वजन टाकावं लागतं, बुटक्या माणसाला ओटा उंच पडतो आणि रताळं आलं की पुरती दमणूक होते. उभ्या यंत्राला जागा कमी लागते, एवढं मात्र खरं.

आडवं यंत्र घेताना दुकानात हात लावून चार गोष्टी बघा. दांडा फिरवताना तो आडवा डुगडुगतो का? डुगडुगत असेल तर भाजीचा कणाही डुगडुगणार आणि तार तुटणार. भाजी धरणारे दात निदान बोटाच्या एका पेराएवढे लांब आहेत का? आखूड दातांत दुधी टिकत नाही. पाती काढून बदलता येतात का, आणि ठेवायला यंत्रातच खोबण आहे का? सुटी पाती ड्रॉवरमध्ये पडली की केव्हातरी कोणाचा तरी हात जातो. आणि मधली गाभ्याची नळी केवढी आहे. जितकी बारीक तितकी नासाडी कमी. पाती तीन पुरतात: बारीक, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर दातांचं, गाजर-बिटाला, जाड, ५-६ मिलिमीटरचं, दुधी आणि काकडीला, कारण त्या परतल्यावर निम्म्या होतात, आणि सपाट पट्टीचं. सात-सात पात्यांचा संच घेऊन मी बघितला आहे, चार पाती आजही कागदात आहेत.

पात्याच्या स्टीलबद्दल दुकानदार हमखास सांगतात, "मॅडम, ३०४ आहे, लोहचुंबक चिकटत नाही." भांड्यासाठी ही परीक्षा आपण करत आलो आहोत. पण ३०४ जातीचं स्टील उष्णतेची प्रक्रिया करून कडक करता येत नाही. त्याला गंज कमी लागतो, पण धार टिकत नाही. सुऱ्यांचं आणि पात्यांचं स्टील, उदाहरणार्थ ४२० जातीचं, कडक करता येतं आणि त्याला लोहचुंबक चिकटतो. तेव्हा पात्याला चुंबक चिकटला, एवढ्यावरून ते नाकारू नका. फक्त धुतल्यावर ते ओलं ठेवू नका, गंजाचे ठिपके येतात.

आता तुमचा कडप्पा. या यंत्रांच्या तळाला रबराचे पेले असतात, ते दाबले की आतली हवा बाहेर जाते आणि ते पृष्ठभागाला चिकटतात. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर किंवा काचेवर ते घट्ट बसतात. कडप्पा, त्यातून जुना, खरखरीत असतो. रबराच्या कडेखालून हवा शिरते आणि दोन फेऱ्यांत यंत्र सरकायला लागतं. सरकणारं यंत्र धरायला तिसरा हात हवा, तो नसतो, आणि मग यंत्र माळ्यावर जातं. माझाही वर्गातला जुना ओटा कडप्प्याचाच होता. मी टाइल्सच्या दुकानातून गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीचा दोन फूट बाय एक फुटाचा उरलेला तुकडा आणला, कडा घासून घेतल्या, खाली ओला टर्किश रुमाल घडी करून अंथरला आणि त्यावर फरशी ठेवली. फरशी वजनाने जागची हलत नाही, रुमाल तिला सरकू देत नाही, आणि रबराचे पेले फरशीला घट्ट बसतात. पेल्यांना आधी ओलं बोट फिरवायचं. जेवणाच्या टेबलावर काच असेल तर तीही चालेल, पण काच खाली नीट टेकलेली हवी.

विजेवरच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगते. ज्यांच्या हाताला संधिवात आहे किंवा रोज दोन-तीन किलो भाजी काढायची आहे, त्यांना त्याचा उपयोग आहे. मी घेतलेल्या एका यंत्राचं आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक चौथ्या महिन्यात बीट घातल्यावर झिजलं आणि सुटा भाग मिळाला नाही. घ्यायचंच असेल तर सुटे भाग पुण्यात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिक्सरबरोबर येणाऱ्या फूड प्रोसेसरच्या चकतीतून आखूड कीस निघतो, नूडल्स नाहीत. कोशिंबिरीला तो उत्तम.

वर्गात हमखास विचारलं जातं, की चकलीच्या सोऱ्यातून होणार नाही का. नाही होणार. सोऱ्या मऊ पीठ दाबून भोकांतून बाहेर काढतो, कच्ची भाजी त्यातून फक्त चेंगरली जाईल. विळीवर मात्र होतं. आमच्या आजी खमंग काकडीसाठी काकडी चोचवायच्या: सालं काढलेली काकडी हातात धरून सुरीने उभे-आडवे बारीक घाव घालायच्या आणि मग विळीवर वरचा थर उतरवायच्या. ज्यांच्या हातात ते कसब आहे त्यांनी यंत्राकडे जाऊच नये. चोचवलेल्या काकडीला जे पाणी आणि जो कुरकुरीतपणा राहतो, तो किसणीवर येत नाही.

यंत्र आणल्यावर खरी कसोटी पाण्याची असते. झुकिनी, काकडी, दुधी या तिन्हींत शंभरात पंच्याण्णवच्या आसपास भाग पाणीच असतं. "नूडल्सचं सूप झालं" ही तक्रार यंत्राची नसून मिठाची आणि आचेची असते. दुधीच्या तारांना पाव किलोला पाव चमचा मीठ चोळून चाळणीत दहा मिनिटं ठेवा. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. मग स्वच्छ पंच्यात घेऊन पिळा, पण दह्याच्या चक्क्यासारखं आवळू नका, तारा तुटतात; पोतेरं न पिळता हलकेच दाबावं तसं. निघालेलं पाणी कणीक भिजवायला घ्या. लोखंडी कढई चांगली तापू द्या, चमचाभर तेलात जिरं आणि ठेचलेला लसूण, मग तारा घालून मोठ्या आचेवर जेमतेम दीड मिनिट. झाकण ठेवायचं नाही, पुन्हा मीठ घालायचं नाही. उतरवून वर दाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर. चौघांचं एकदम कढईत घातलं की कढई गार होते आणि भाजीला पाणी सुटतं, म्हणून दोन घाणे करा. गाजर-बिटाला मीठ लावून ठेवायची गरज नाही.

तारा वीतभर-हातभर लांब निघतात आणि ताटात त्यांचा गुंता होतो. वडीलधाऱ्यांना ते खाणं अवघड जातं. भाजी यंत्रात लावण्याआधी तिला एका बाजूने उभी चीर द्या, गाभ्यापर्यंत जाईल एवढीच. मग सलग तारेऐवजी छोट्या छोट्या कमानी पडतात आणि चमच्याने खाता येतात.

उपासाला हे यंत्र फार कामी येतं. किसणीवरच्या रताळ्याच्या किसाचा चिकटपणा किसताना फुटलेल्या पेशींतल्या पिठामुळे असतो. यंत्राच्या धारदार पात्यातून निघालेली तार स्वच्छ कापली जाते, पीठ कमी सुटतं. ती दोनदा पाण्यातून काढून निथळली आणि तूप-जिऱ्यावर परतली की कीस मोकळा होतो.

पण ताई, यजमानांसाठी रताळं मोजूनच. भाजीचे नूडल्स म्हटलं की सगळं साखरेला चालतं, असा समज मी खूप घरांत बघते. १०० ग्रॅम झुकिनीत कर्बोदकं ३ ग्रॅमच्या आसपास असतात, दुधीतही तितकीच कमी. गाजर आणि बिटात १० च्या जवळ. रताळ्यात २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शिजवलेल्या गव्हाच्या नूडल्सच्या २५-३० ग्रॅमपासून ते फार दूर नाही. शिवाय नुसत्या भाजीवर माणूस दोन तासांत भुकेला होतो आणि मग बिस्किटाचा डबा उघडतो. त्यात पनीर, मोड आलेली मटकी किंवा अंडं हवंच. पथ्याचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

धुणं लगेच. बीट वाळलं की पात्याच्या दातांत बसतं. भांडी घासायच्या तारेने पातं घासू नका, धार जाते. जुना ब्रश घ्या आणि दातांच्या दिशेने फिरवा, दातांवर आडवा नको. गाजराचा केशरी रंग प्लॅस्टिकवर राहिला तर तेलाचं बोट फिरवून पुसा. तो रंग तेलात विरघळतो, साबणाला दाद देत नाही.

तुमच्यासाठी माझं सांगणं असं. या आठवड्यात ज्युलियन पीलर आणा आणि दोन महिने दुधी, काकडी, गाजर यांवर चालवा. मनगट दुखायला लागलं तर एका वेळी दोघांपुरतंच काढा, बाकीचं मुलीला काढू द्या. दोन महिन्यांनी घरात आठवड्यातून दोनदा नूडल्स होत असतील तर आडवं, दांड्याचं, तीन पात्यांचं यंत्र घ्या आणि त्याच दिवशी फरशीचा तुकडा आणा. दुकानात जाताना पिशवीत एक कोवळा दुधी आणि एक जाड गाजर न्या. बोहरी आळीतले बरेच दुकानदार नमुन्याचं यंत्र उघडून दाखवतात, तिथेच लावून बघू द्या म्हणावं. दुधीने दहा फेऱ्या न डगमगता काढल्या तर ते यंत्र तुमचं.